बहुश्रुततेकडून विशेषज्ञतेकडे : सल्लागाराची वाटचाल

निवासी शाळेतून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली पूर्वी प्रामुख्याने शिक्षक, परिचारिका, पोलीस किंवा लिपिक होत असत. आता त्यांच्यातील काहीजण पुणे, मुंबई, हैदराबाद येथील सल्लागार कंपन्यांत काम करू लागले आहेत. डॉक्टर काय करतो, वकील काय करतो हे गावात सर्वांना ठाऊक असते. सल्लागार नेमके काय करतो, हे मात्र घरच्यांनाही उमगत नाही. या तरुणांपुढे चार-पाच वर्षांच्या नोकरीनंतर एक प्रश्न हमखास उभा राहतो. सर्व विषयांचे थोडे-थोडे काम करीत राहावे, की एखादाच विषय निवडून त्यात खोल उतरावे? स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाची सविस्तर चर्चा करणे आम्हांस उचित वाटते. आमचे गाव फाट्याचे आहे. नांदेडची, हिंगोलीची आणि यवतमाळकडची वाट येथे एकत्र येते. त्यामुळे वाट निवडणे म्हणजे काय, हे येथे वाढलेल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

सल्ला म्हणजे काय?

सल्लागार वस्तू विकत नाही. दुसऱ्याच्या अडचणीचे कारण शोधणे, उपाय सुचविणे आणि तो उपाय पचनी पडेपर्यंत सोबत राहणे, हा त्याचा व्यवसाय होय. एखाद्या कारखान्याचा खर्च का वाढतो, एखाद्या बँकेची कर्जे का थकतात, एखाद्या नगरपालिकेचे पाणी कोठे मुरते, असे प्रश्न त्याच्याकडे येतात.

अशा व्यवसायात नव्याने आलेल्या तरुणाला प्रथम सर्व प्रकारची कामे दिली जातात. आज औषधनिर्मितीचा कारखाना, चार महिन्यांनी सहकारी बँक, त्यानंतर एखादे रुग्णालय. यात त्याचे नुकसान नाही. माहिती गोळा करणे, आकडे तपासणे, लोकांना नेमके प्रश्न विचारणे आणि निष्कर्ष स्वच्छ भाषेत लिहिणे ही चार कौशल्ये सर्वत्र सारखीच लागतात, आणि ती अनेक ठिकाणी हिंडूनच अंगी बाणतात. या अवस्थेस आम्ही बहुश्रुतता म्हणतो.

पुढे मात्र ग्राहकाची अपेक्षा बदलते. पंचविशीतल्या तरुणाकडून तो परिश्रमांची अपेक्षा करतो. पस्तिशीतल्या माणसाकडून त्याला उत्तर हवे असते. हा प्रश्न तुम्ही यापूर्वी किती वेळा सोडविला आहे, असे तो विचारतो. त्या वेळी ‘मला सर्व विषय थोडे-थोडे येतात’ हे उत्तर अपुरे पडते. विशेषज्ञतेची गरज येथे निर्माण होते.

संघातील अग्रस्थाने

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी आपल्या भिक्खू-भिक्खुनींपैकी कोण कोणत्या गुणात अग्र आहे, हे नावानिशी सांगितले आहे. प्रज्ञेत सारिपुत्त, धम्मकथनात पुण्ण मन्ताणिपुत्त, संक्षिप्त वचनाचा विस्तृत अर्थ उलगडण्यात महाकच्चायन, विनयात उपाली. भिक्खुनींमध्ये प्रज्ञेत खेमा, विनयात पटाचारा, धम्मकथनात धम्मदिन्ना. आनंदांना ज्या गुणांसाठी गौरविले गेले त्यांत बहुश्रुतता हा एक होता. म्हणजे पुष्कळ ऐकून ते ध्यानी ठेवणे हीदेखील संघात मानाची गोष्ट होती.

यांपैकी उपालींचे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. ते शाक्यांचे न्हावी होते. शाक्य राजपुत्रांबरोबर ते संघात आले आणि राजपुत्रांचा अभिमान गळावा म्हणून त्यांना आधी दीक्षा देण्यात आली. पुढे तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली, तेव्हा महाकस्सपांनी विनयाविषयीचे प्रश्न उपालींना विचारले आणि धम्माविषयीचे आनंदांना. ज्याचा ज्या विषयात अधिकार, त्याला त्या विषयाचा प्रश्न. तेथे कुळ विचारले गेले नाही. सल्ला-व्यवसायाचे आदर्श तत्त्व याहून निराळे नाही.

एक अभियंता आणि मुसी नदीचा पूर

आधुनिक काळात बहुश्रुततेकडून विशेषज्ञतेकडे झालेल्या प्रवासाचे एक ठळक उदाहरण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे आहे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिक येथे रुजू झाले. अशा नोकरीत रस्ते, इमारती, पूल, पाणी असे पडेल ते काम करावे लागे. नाशिक, खानदेश, सक्कर, पुणे असा त्यांचा प्रवास झाला. त्यातून हळूहळू पाणी हाच त्यांचा विषय ठरत गेला. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. त्यामुळे धरणाची भिंत न वाढविता पाण्याचा साठा वाढविता आला. १९०६ मध्ये एडनच्या पाणीपुरवठ्याविषयी व सांडपाण्याविषयी सल्ला देण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहराची अपरिमित हानी केली. आपला हिंगोलीचा प्रदेश तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. त्या सरकारने १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना विशेष सल्लागार अभियंता म्हणून बोलाविले. नदीला शहरात बांध घालत बसण्यापेक्षा शहराच्या वरच्या अंगाला पुराचे पाणी अडवावे, असा त्यांचा सल्ला होता. त्यातून पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले.

या उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, त्यांचा विषय पहिल्या दिवशी ठरलेला नव्हता. जवळजवळ वीस वर्षांच्या विविध कामांतून तो आकारास आला. दुसरी अशी की, पाण्यात विशेषज्ञ झाल्यावरही रस्ते, इमारती आणि शहररचना यांचे आधीचे ज्ञान वाया गेले नाही. केवळ धरण जाणणाऱ्याला शहराचा पूर कळत नाही. त्यासाठी शहरही माहीत असावे लागते.

बाबासाहेबांची सल्लागार पेढी

आता आपल्या सर्वांना वंदनीय असलेल्या उदाहरणाकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून परिचय प्रत्येक मुलाला असतो. परंतु त्यांनी काही काळ सल्ला-व्यवसायही करून पाहिला होता, हे फारसे सांगितले जात नाही.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जे अभ्यासक्रम घेतले त्यांची गणना उद्बोधक आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. पाया असा रुंद होता. पण अर्थशास्त्राकडे त्याचा कल स्पष्ट होता.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने ते लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतले. बडोद्यातील नोकरीत अस्पृश्यतेचा अपमानास्पद अनुभव घेऊन ते मुंबईस आले आणि उपजीविकेसाठी त्यांनी शेअर व रोखे यांविषयी सल्ला देणारी पेढी काढली. सल्ल्यात खोट नव्हती. परंतु पेढीचा चालक अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सल्ला ही न दिसणारी वस्तू असल्यामुळे ग्राहक ती विश्वासावर घेतो. आणि आपल्या समाजात विश्वास हा बहुधा ओळखीतून, नात्यातून, जातीतून येत असे. ज्याच्यामागे ती ओळख नाही, त्याच्याजवळ विद्या असूनही त्याचा सल्ला विकला जात नसे. ‘ज्ञान असले की सारे आपोआप मिळते’ असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा हा प्रसंग विसरता कामा नये. मग बाबासाहेबांनी काय केले? १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांनी चलन हा अत्यंत बारकाईचा विषय हाती घेतला. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ च्या अखेरीस लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक मते मान्य नसतानाही प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ आला. केंद्र सरकार प्रांतांना प्रथम ठरावीक रक्कम नेमून देई, नंतर काही उत्पन्नाच्या बाबी तोडून देई आणि पुढे उत्पन्नात वाटा देई, असे तीन टप्पे त्यात त्यांनी कागदपत्रांच्या आधारे उलगडले आहेत.

त्याच वर्षी भारतीय चलनाविषयी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. डिसेंबर १९२५ मध्ये त्या आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. चलन पुरविण्याची सत्ता सरकारच्या मर्जीवर सोडणारी सुवर्ण विनिमय पद्धती देशाला हितावह नाही, असे त्यांनी तेथे मांडले. रुपयाची किंमत घसरली की भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून; व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या पोटातून येतो, हे त्यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. ज्याच्या सल्ल्याकडे मुंबईच्या बाजाराने आठ वर्षांपूर्वी पाठ फिरविली, त्याचे मत आता साम्राज्याच्या आयोगाने नोंदवून घेतले. बाजार बदलला होता असे नव्हे. बाबासाहेबांचे ज्ञान आता छापील ग्रंथाच्या रूपाने कोणालाही तपासता येण्याजोगे झाले होते. तपासता येणारे ज्ञान नाकारणे कठीण असते. ज्याच्या घरी ओळखीची पुंजी नाही, त्याने विशेषज्ञता का मिळवावी, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते.

यापुढचा टप्पाही महत्त्वाचा आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांच्याकडे जलसिंचन व वीज हे विषय आले. ते स्वतः अभियंता नव्हते. त्यांनी तज्ज्ञांना एकत्र आणणारी यंत्रणा उभारण्यावर भर दिला. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला आणि ए. एन. खोसला हे अभियंता त्याचे पहिले अध्यक्ष झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणीही याच काळातली. म्हणजे एका विषयाचा तळ गाठलेला माणूस पुन्हा रुंद क्षेत्रात उतरला. पण या वेळी प्रत्येक विषयात स्वतः अधिकार सांगण्यासाठी नव्हे, तर कोणाचा अधिकार कोठे चालतो हे ओळखण्यासाठी. खोली ज्याने अनुभवली आहे, त्यालाच दुसऱ्याच्या खोलीचा अंदाज येतो.

आपल्या शेजारचे उदाहरण

विशेषज्ञ सल्ला कसा चालतो, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वारंगा फाट्याच्या शेजारी तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. देशातील पहिले असे केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. या केंद्रांच्या रचनेत एक प्रमुख आणि त्याच्या हाताखाली निरनिराळ्या शाखांचे विषय विशेषज्ञ असतात : कोणी पीकशास्त्राचा, कोणी उद्यानविद्येचा, कोणी पीक संरक्षणाचा, कोणी पशुविज्ञानाचा, कोणी गृहविज्ञानाचा, कोणी विस्तार शिक्षणाचा.

समजा, आपल्या भागातील एखाद्या शेतकऱ्याची हळद पिवळी पडू लागली. सर्वसाधारण जाणकार म्हणेल, बुरशीनाशक वापरा. पीक संरक्षणाचा अभ्यासक आधी कंद उकरून पाहील. कंद मऊ पडला आहे काय, आत अळी आहे काय, वाफ्यात पाणी साचते काय, हे तो तपासील. पाणी साचले की कंदकूज बळावते. कुजलेल्या कंदात कंदमाशीच्या अळ्या शिरतात. आणि शेतकऱ्याला दिसते ते केवळ पिवळे पान. मूळ दोष निचऱ्याचा असेल, तर नुसत्या औषधाचा खर्च मातीत जातो. लक्षणापासून कारणापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे ज्याला ठाऊक असते तो विशेषज्ञ.

परंतु याच उदाहरणात विशेषज्ञाचा धोकाही दिसतो. कंदमाशीचाच ध्यास घेतलेल्या माणसाला प्रत्येक पिवळ्या पानात कंदमाशी दिसू लागते. तेथे लोहाची कमतरता असू शकते, हे त्याच्या ध्यानीच येत नाही. म्हणून खऱ्या विशेषज्ञाला आपल्या विषयाची सीमा माहीत असावी लागते. ‘हा प्रश्न मातीचा आहे, तो मृदाशास्त्रज्ञाकडे न्या’ असे म्हणण्यात त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, वाढते.

निवड कशी करावी?

विद्यार्थ्यांना उपयोगी पडतील असे काही निकष आम्ही येथे देत आहोत.

पहिला निकष असा : लोक आपल्याकडे कोणता प्रश्न घेऊन पुन्हा पुन्हा येतात? सहकारी ज्या एका गोष्टीसाठी आपल्याला हाक मारतात, तेथे आपल्या कौशल्याचे बीज बहुधा असते. फाट्यावरची खिचडी वाटसरूंच्या तोंडी आहे, ती तेथील उपाहारगृहांनी शंभर पदार्थ केले म्हणून नव्हे.

दुसरा निकष : तो प्रश्न टिकाऊ आहे काय? एखाद्या संगणक प्रणालीचे ज्ञान ती प्रणाली असेपर्यंतच चालते. पाणी, कर, आरोग्य, शेतमालाची प्रक्रिया, कामगारांचे कायदे हे प्रश्न मात्र टिकून राहतात. त्यांची रूपे तेवढी बदलतात. म्हणून साधनापेक्षा प्रश्नाला धरून विशेषज्ञ व्हावे.

तिसरा निकष : क्षेत्र आणि कार्य यांचा छेद साधता येतो काय? ‘मी कर सल्लागार आहे’ असे सांगणारे हजारो असतात. ‘शेतमाल प्रक्रिया करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे कर आणि हिशेब मी पाहतो’ असे सांगणारे थोडे. हळदीच्या हिंगोली जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला शिजविणे, वाळविणे, पॉलिश करणे ही प्रक्रिया लहानपणापासून माहीत असते. शहरातल्या सल्लागाराला जे पुस्तकातून शिकावे लागते ते याच्या घरातले असते. आपल्या गावाकडून आलेले ज्ञान लपविण्याची वस्तू नाही; ती पुंजी आहे.

चौथी गोष्ट वेळेची. नवा कायदा येतो तेव्हा जुने-नवे सर्वच विद्यार्थी होतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा तीस वर्षांच्या अनुभवी माणसालाही त्याची कलमे पहिल्यापासून वाचावी लागली. अशा वेळी ज्येष्ठता आणि ओळख यांचे वजन काही काळ कमी होते. पहिल्या पिढीतील सुशिक्षितांनी असा क्षण दवडू नये.

पाचवी गोष्ट घरच्या परिस्थितीची, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विषय अरुंद केला की सुरुवातीला काम कमी होते. ज्याच्या पगारावर आईवडिलांचा दवाखाना, भावंडांचे शिक्षण आणि घराचे कर्ज अवलंबून आहे, त्याने एका दिवसात सर्व सोडून विशेषज्ञ होण्याचे धाडस करू नये. मिळेल ते काम चालू ठेवावे. त्यातला एक हिस्सा आपल्या विषयासाठी राखावा आणि तो वर्षागणिक वाढवीत न्यावा. विश्वेश्वरय्यांचा विषयही नोकरी करता करताच घडला.

शेवटची गोष्ट पुराव्याची. विशेषज्ञता ही स्वतः जाहीर करण्याची पदवी नव्हे. केलेल्या कामाची नोंद ठेवणे, त्यावर लिहिणे, कनिष्ठांना शिकविणे, आवश्यक त्या परीक्षा देणे आणि आपला सल्ला पुढे कितपत खरा ठरला हे परत जाऊन पाहणे, यांतून ती सिद्ध होते. स्वतः बाबासाहेब १९२५ ते १९२८ या काळात मुंबईतील एका लेखाविद्येच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत. शिकविताना विषयातील कच्चे दुवे जितके स्पष्ट दिसतात, तितके ते अन्यथा दिसत नाहीत.

सल्ल्याची नीती

सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. सल्लागाराच्या बाबतीत तिचा अर्थ सोपा आहे. जे आपल्याला माहीत नाही ते माहीत असल्याचे भासवून पैसे घेऊ नयेत. ज्याने पैसे दिले त्याला आवडेल तेच सांगू नये. आणि सल्ल्याचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात, त्या कामगाराला, शेतकऱ्याला, ग्राहकाला हिशेबाबाहेर ठेवू नये. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश असा की, केवळ परंपरेने चालत आले म्हणून किंवा कोणा आदरणीयाने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. ज्याचा सल्ला असा पारखला जाण्यास तयार आहे, तोच विशेषज्ञ म्हणविण्यास पात्र होय.

आमच्या शाळेने मुलांना अनेक विषय शिकविले, कारण शाळेचे काम पाया रुंद करण्याचे आहे. त्यावर एक खोल विहीर खणण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे असते. ती खणताना हात थकतील, काही काळ केवळ मुरूमच लागेल. पाणी लागल्यावर मात्र ते सर्वांसाठी खुले ठेवावे. चवदार तळ्याच्या वारसांकडून आमची एवढीच अपेक्षा आहे.